गाडी आली तर तिची जागा तिला

दुपारच्या या वेळी चहाच्या टपरीवर रेडिओ लावून बसणारे बरेच जण आमचं बोलणं ऐकतात, हे आम्हाला माहीत आहे. आजचा विषय त्यांच्याही कानावर पडायला हवा.

दोन महिन्यांपासून गावात एक बोलणं फिरतंय : ‘बाया स्टेशन घेऊन राहिल्या.’ कुणी हसून म्हणतं, कुणी रागाने. एका आजोबांनी तर आमच्यातल्या एकीला भर बाजारात थांबवून विचारलं, “काऊन वो बाई, उद्या गाडी आली त् तुमी तिले थांबवसान का?” तिला त्या वेळी उत्तर देता आलं नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून आज इथे बसायचं ठरवलं.

आधी खुलासा. स्टेशन कुणी घेत नाही. स्टेशनाच्या कडेला जे जुनं मालगोदाम आहे, तिथे गाण्याबजावण्याची, नाटकाची, मुलांच्या चित्रांची, भजनाची जागा व्हावी, एवढाच आमचा विचार आहे. तो कुठून आला ते सांगतो.

भुलाबाईच्या महिन्यात काय होतं ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर फिरतात, टिपऱ्या वाजवतात, गाणी म्हणतात, झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायला लावतात. आमच्या लहानपणी हे अंगणात व्हायचं. आता अंगणात मोटरसायकल उभी असते, नाहीतर अंगणच उरलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही सगळ्या गल्ल्यांची मिळून एक भुलाबाई पिठाच्या चक्कीसमोर मांडली, कारण तिथे खांबावर दिवा आहे. चौथ्या दिवशी दोन पोरं गाडी घेऊन मुलींच्या रिंगणातून गेली. कुणाला लागलं नाही. पण त्यानंतर आठवी-नववीच्या मुली आल्याच नाहीत. त्यांच्या आयांनी पाठवलंच नाही, आणि आम्ही त्या आयांना दोष देणार नाही, त्यातल्या दोघी आमच्यातच आहेत. त्या वर्षी भुलाबाईला उरल्या त्या दहा वर्षांच्या आतल्या. ज्या मुलींना पंचवीस-तीस गाणी पाठ होती त्या घरात बसल्या.

तुम्ही म्हणाल, गावात सभागृह आहे की. आहे. किल्लीही आहे. पण किल्ली ज्यांच्याकडे असते ते आपल्याला हवं तेव्हा बाहेरगावी असतात. देवळाचा सभामंडप आहे, पण महिन्यातले चार दिवस तिथे जायला आपल्यातल्याच कितीजणी कचरतात, हे रेडिओवर उघड बोलायला आम्हाला लाज वाटत नाही. आणि दोन्हीकडे बायकांसाठी संडास नाही. दोन तासांची तालीम करायची तर निम्म्या जणी एका तासात घरी पळतात. बायकांना कलेची आवड राहिली नाही असं भाषणात म्हणणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं.

आता स्टेशनाकडे येऊ. शकुंतला म्हटली की आपल्याकडे वेगळं काही सांगावं लागत नाही. पण नवीन सुनांसाठी आणि शाळेतल्या मुलांसाठी थोडं सांगतो. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळकडे आणि एक अचलपूरकडे, अशी ही आपली लहान गाडी. दोन रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. किलिक निक्सन नावाच्या इंग्रज कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही लाइन टाकली, ती माणसांच्या सोयीसाठी नाही, वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीवर आणि तिथून मुंबईला नेण्यासाठी. तिथून तो बोटीने मँचेस्टरला जायचा. गंमत अशी की पुढे जे वाफेचं इंजिन ही गाडी ओढायला आलं तेही मँचेस्टरलाच बनलेलं, १९२१ सालचं. ते १५ एप्रिल १९९४पर्यंत धावलं. मग डिझेलचं इंजिन आलं. शेवटी शेवटी गार्डच खाली उतरून तिकीट द्यायचा. आणि आता काही वर्षांपासून गाडीच बंद आहे.

रूळ गवतात गेलेत. तिकीटखिडकीला गज आहेत, पण आत खिडकीच्या उंचीचं वारूळ आहे. फलाटावरचं कडुलिंबाचं झाड तेवढं पहिल्यापेक्षा मोठं झालंय.

मालगोदाम फलाटापासून पन्नासेक पावलांवर आहे. दगडी जोतं, दगडी भिंती, वर पत्रे, आणि पुढे बैलगाडीतून गाठी थेट आत सरकवता याव्यात म्हणून बांधलेला उंच मालधक्का. त्याला दार उरलेलं नाही, म्हणून आम्ही एका दुपारी आत गेलो. परवानगी घेतली नव्हती, हे कबूल. लुगड्याचा काठ धरून मोजलं आणि नंतर टेपने पुन्हा मोजलं : लांबी ६० फूट, रुंदी २४ फूट. छताच्या तुळया सागवानी आहेत. दोन ठिकाणी वाळवी दिसली, बाकी ठणठणीत. कोपऱ्यात बाटल्या, राख, पत्ते. वटवाघळं आमच्यावर नाराज झाली.

मग एकीने पिशवीतून खंजिरी काढली. एक थाप दिली तर भिंतीभिंतीतून चार थापा परत आल्या. शब्द तर काही कळेचना, नुसता गोंगाट. आम्ही हिरमुसलो. दुसऱ्या खेपेला तिच्याच घरून कापसाच्या मोसमातली रिकामी बारदानं आणली आणि दोन भिंतींवर दोरीने टांगली. आवाज लगेच खाली बसला. गाणाऱ्या बाईचा शब्द शेवटच्या भिंतीपर्यंत स्वच्छ जायला लागला. ज्या गोदामात कापूस भरायचा तिथे कापसाच्याच बारदानाने गाणं सुधारावं, याचं आम्हाला फार अप्रूप वाटलं.

पण आजोबांचा प्रश्न राहिलाच. गाडी आली तर?

हा प्रश्न पहिल्यांदा आमच्याच बैठकीत उठला होता. आमच्या गटात एक काकू आहेत, त्यांचे मालक या लाइनीवर गँगमन होते. उन्हाळ्यात रूळ तापून वाकतात म्हणून भर दुपारी हातोडा घेऊन चालत जायचे. काकू म्हणाल्या, “तुम्ही तिथे नाच-गाणं सुरू केलं की लोक म्हणतील, बायांनी शकुंतलाची तेरवी घातली. मग कोण मागणार गाडी?” बैठक तिथेच संपली. कारण त्यांचं खरं होतं. ही लाइन ब्रॉडगेज करून पुन्हा सुरू करावी म्हणून लोकांनी आंदोलनं केली आहेत, आपल्या गावातूनही माणसं गेली आहेत. बंद स्टेशनात रंगमंच उभा करणं म्हणजे गाडी गेली ती गेली अशी सही करून देणं होईल का? आम्हाला हे दोन आठवडे सुचत नव्हतं.

आमच्यातल्या एकीची मुलगी नागपूरला आर्किटेक्चर शिकते. सुट्टीत आली तेव्हा तिने मोबाइलवर पॅरिसचं एक स्टेशन दाखवलं. ओर्से त्याचं नाव. १९०० साली पॅरिसमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, त्या वेळी सेन नदीच्या काठावर हे बांधलं. तेव्हाच एका चित्रकाराने लिहून ठेवलं होतं, की हे स्टेशन कसलं, हा तर कलेचा महाल दिसतो. पण चाळीस वर्षांच्या आतच तिथे गाड्या मावेनात. गाड्या लांब झाल्या, फलाट आखूड पडले. १९३९नंतर लांबच्या गाड्या बंद, फक्त उपनगरी गाड्या राहिल्या. मधे महायुद्ध झालं. युद्धकैदी परत आले तेव्हा त्यांना याच इमारतीत उतरवून घेतलं. नंतर तिथे सिनेमांची शूटिंगं झाली. मग ते पाडून मोठं हॉटेल बांधायचं ठरलं.

पाडलं का नाही? कारण थोडं आधी, १९७१मध्ये, पॅरिसच्या मध्यावरचा जुना भाजीबाजार पाडला गेला होता. त्याचे लोखंडी मांडव प्रसिद्ध होते. ते गेल्यावर लोक हळहळले, चिडले, आणि त्या चिडण्यामुळे स्टेशन वाचलं. आपल्याकडे असं पुष्कळदा होतं, एक वाडा गेल्यावर दुसरा आठवतो.

१९७७ साली सरकारने तिथे म्युझियम करायचं ठरवलं आणि डिसेंबर १९८६मध्ये ते उघडलं. आतल्या दालनांची रचना केली ती एका बाईने. गाए आउलेन्ती नावाची इटलीची आर्किटेक्ट, १९२७चा जन्म. त्या पिढीत इटलीत बायका या धंद्यात मोजक्याच. जिथे रूळ होते त्या लांबच लांब जागेत तिने दोन्ही बाजूंना दगडी दालनं उभी केली आणि वरचं काचेचं छत मोकळं ठेवलं. उघडलं तेव्हा टीका भरपूर झाली, दगडाने स्टेशन झाकून टाकलं म्हणून. आम्ही फोटो पाहिले. आमच्यात दोन मतं पडली. पण स्टेशनचं मोठं घड्याळ तिथे अजून आहे, आणि लोक ते बघत उभे राहतात.

हे सगळं ऐकून काकू गप्पच होत्या. शेवटी मुलगी सहज म्हणाली, की तिथे आजही गाडी येते. म्हणजे? म्हणजे म्युझियमच्या पोटातून, जमिनीखालून, नदीच्या बाजूने उपनगरी गाड्या आजही धावतात, तिथे थांबतात, आणि त्या थांब्याला म्युझियमचंच नाव आहे. काकूंनी मोबाइल हातात घेतला. डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. म्हणाल्या, “मग आधी हे लिहून घ्या, की रुळाला हात लावायचा नाही.”

आमचा सगळा आराखडा त्या एका वाक्यावर उभा आहे. तो असा. रूळ, फलाट, तिकीटखिडकी आणि वेटिंग रूम यांच्यावर आमचा काहीही हक्क नको, तिथे आम्ही एक वीटही मांडणार नाही. ती जागा गाडीची. आम्हाला हवं ते मालगोदाम आणि त्याचा धक्का, आणि तेसुद्धा काढून नेता येईल अशा सामानानिशी. रंगमंच लाकडी, सुटा. पडदे सुटे. भिंतीत खिळे नाहीत. अर्जातच लिहायचं, की गाडी सुरू होणार असं कळलं तर तीन महिन्यांत जागा मोकळी करून देऊ. आणि अर्जाच्या पहिल्याच ओळीत, कुठलंही मागणं मागण्याआधी, आमची गाडी सुरू करा. आजोबा, ऐकताय ना?

अर्ज कुणाकडे करायचा, हा मात्र गुंता आहे. जागा ग्रामपंचायतीची नाही. देश स्वतंत्र झाला, बाकीच्या रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी ही लाइन मूळ कंपनीच्याच नावावर राहिली होती आणि रेल्वे ती करारावर चालवत होती, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. म्हणून आम्ही आधी वकिलांकडून कागद पाहून घेणार. परवानगीचा कागद हातात येईपर्यंत डागडुजी नाही, कार्यक्रम नाही. उत्साहाच्या भरात कुणी रंगाचे डबे आणू नका. हे विशेषतः तरुण मंडळाला सांगणं आहे.

आता किल्लीचं. तुम्हाला वाटेल ही लहान गोष्ट आहे, पण या किल्लीवर आमच्या तीन बैठका खर्ची पडल्या.

लंडनमध्ये राउंडहाउस नावाची जागा आहे. तिचीही गोष्ट त्या मुलीने सांगितली. १८४७ साली बांधलेली गोल इमारत, मधे इंजिन फिरवायची तबकडी. इंजिन तबकडीवर उभं करायचं आणि फिरवून भोवतालच्या तेवीस रुळांपैकी हव्या त्या रुळावर ढकलायचं. दहाएक वर्षांतच इंजिनं इतकी मोठी झाली की तिथे मावेनात. मग कितीतरी वर्षं ते दारूचं गोदाम होतं. (आपल्या गोदामातल्या बाटल्या आठवल्या ना?) १९६०मध्ये तिथल्या कामगार संघटनांच्या परिषदेत ४२ नंबरचा ठराव झाला, की कामगारांच्या आयुष्यात कलेला जागा हवी आणि संघटनांनी त्यात लक्ष घालावं. आर्नल्ड वेस्कर नावाच्या नाटककाराने तो ठराव मनावर घेतला. स्वतः गरीब घरातला माणूस. त्याने १९६४मध्ये या राउंडहाउसमध्ये ‘सेंटर ४२’ आणलं. नाव ठरावाच्या नंबरावरून. कल्पना सोन्यासारखी, पण पैसा पुरला नाही. नाटकं झाली, गाण्याचे मोठमोठे जलसे झाले, तरी १९८३मध्ये जागा बंद पडली आणि दहा वर्षांहून जास्त काळ तशीच पडून राहिली.

१९९६मध्ये खेळणी बनवणाऱ्या एका कारखानदाराने ती विकत घेतली, टॉर्क्विल नॉर्मन त्यांचं नाव. २००६मध्ये दुरुस्ती होऊन ती पुन्हा उघडली. पण या वेळी नुसता मोठा हॉल नीट करून थांबले नाहीत. हॉलच्या खाली विटांच्या कमानींचं तळघर आहे. तिथे तरुण मुलामुलींसाठी तालमीच्या, रेकॉर्डिंगच्या लहान लहान खोल्या केल्या. वरच्या मोठ्या कार्यक्रमांचा पैसा खालच्या पोरांच्या कामी येतो.

आम्ही यातून एवढंच घेतलं, की मोठा कार्यक्रम वर्षातून चारदा होईल, तालीम रोज होते. तेव्हा जागा तालमीच्या हिशोबाने मांडायची. दुपारी दोन ते पाच बायका, पाच ते सात शाळेच्या मुली आणि मुलं, सातनंतर भजनी मंडळं, दंडारवाले, नाटकवाले. आणि किल्ल्या तीन. एक बायकांच्या गटाकडे, एक शाळेच्या बाईंकडे, एक नाटकमंडळाकडे. एकाची किल्ली हरवली किंवा माणूस बाहेरगावी गेला तरी दार उघडलंच पाहिजे. सरपंचांनी विचारलं, “आमच्याकडे एक नको का?” आम्ही म्हटलं, तुम्ही यायचं असेल तेव्हा दार उघडंच असेल. ते हसले, आणि पुढे काही बोलले नाहीत, हे त्यांच्या मनाचं मोठेपण.

संडास आधी, रंगमंच नंतर. यावर आमच्यात एकही मत फुटलं नाही. दोन संडास, आत पाणी, आतून कडी, आणि तिथपर्यंतच्या वाटेवर दिवा. वर्गणीतला पहिला पैसा त्याला.

एका गोष्टीवर मात्र आमचं जमलेलं नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. काही जणींचं म्हणणं, लग्नसराईत गोदाम भाड्याने द्यावं. विजेचं बिल कोण भरणार, पत्रे कोण बदलणार? राउंडहाउससुद्धा मोठ्या कार्यक्रमांच्या पैशावर चालतं, मग आपण लग्न का घेऊ नये? बाकीच्यांचं म्हणणं, एकदा लग्न घुसलं की वैशाखात बायकांची तालीम बाहेर, मार्गशीर्षात बाहेर, आणि दोन वर्षांत पाटी बदलून मंगल कार्यालय. गँगमनच्या काकू भाड्याच्या बाजूच्या आहेत, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. त्या म्हणतात, छप्पर गळायला लागलं की कलाही भिजते. सध्या तोडगा असा सुचलाय, की वर्षात बाराच दिवस भाड्याने द्यायचे, ते दिवस गुढीपाडव्याला जाहीर करायचे, आणि भुलाबाईच्या महिन्यात एकही नाही. पण हा तोडगा आहे, निर्णय नाही. तुम्हाला काय वाटतं ते कळवा.

आणखी एक. कुणीतरी सुचवलं की गोदामाला छान रंग देऊ, भिंतीवर आगगाडीचं चित्र काढू, म्हणजे जुन्या दिवसांची आठवण राहील. चित्राला आमची ना नाही. पण कापसाची आठवण ठेवायची तर ज्या हमालांनी पाठीवर गाठी वाहिल्या त्यांचीही ठेवावी. गावात असे तिघेजण अजून आहेत, तिघेही ऐंशीच्या पुढचे. एक गाठ किती जण मिळून उचलायचे, ओझं उचलताना कोणता पुकार द्यायचे, हे त्यांना विचारून रेडिओसाठी आवाजात भरून घ्यायचं काम आम्ही पुढच्या आठवड्यात सुरू करतोय. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. एका बाबांनी तर निरोप धाडलाय, लवकर या, मी काही वाट पाहत बसणार नाही.

ग्रामसभा येत्या महिन्यात आहे. विषय पत्रिकेवर घ्यायला आम्ही सांगितलंय. बायांनो, त्या दिवशी या. मागे उभ्या राहू नका, खुर्च्या आधी धरा. अर्ज तिथे मोठ्याने वाचून दाखवला जाईल, आणि पहिली ओळ गाडीचीच असेल.

शेवटी एक मागणं. आपल्या स्टेशनचा, मालगोदामाचा किंवा गाडीचा जुना फोटो कुणाच्या घरी असेल तर दाखवा. लग्नाचा असेल, माहेरी निघालेल्या लेकीचा असेल, मागे नुसता कोपरा दिसत असेल तरी चालेल. गोदामाचं दार कसं होतं, एका पाखाचं की दोन पाखांचं, हे आम्हाला त्यावरूनच कळणार आहे. फोटो आम्ही ठेवून घेणार नाही. मोबाइलवर काढून घेऊ आणि तिथल्या तिथे तुमच्या हातात परत देऊ. शनिवारी बाजाराच्या दिवशी सकाळी दहा ते एक आम्ही बचत गटाच्या खोलीत बसलेल्या असू. चहा आहे.